केळीचा घड आणि केसभर फट

३ मे

केळीचा घड! स्टिकवर केळीचा घड!

सावद्याचा प्रेमराज आला होता. वडिलांचा केळीचा मोठा व्यापार. याचा हात फक्त पूलच्या, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या टेबलावर चालतो. आमच्या स्टिकांच्या कारखान्याच्या दारात गाडी आडवी लावली, लेथची धूळ आत जाऊ नये म्हणून काचा वर घेतल्या आणि गॉगल न काढता आत आला. "मॅडम, शिसमाची बट पाहिजे. तिच्यावर शिंपल्यात आपला घड. पितळी तारेची दांडी. धुळ्याच्या टूर्नामेंटला लोकांनी नुसतं बघत राहायचं!"

बघत राहतीलच.

बट म्हणजे स्टिकचा जाड भाग, हातात धरायचा तो. चेंडूला लागतं ते दुसरं टोक. पण सगळा खटाटोप या जाड भागावर! कोणी वाघ मागतं, कोणी तलवार, कोणी बायकोचं नाव. दोघांनी ते नाव नंतर काढून मागितलं. कोरलेलं निघत नाही म्हटल्यावर मलाच डोळे वटारले.

समाधान भाऊ, म्हणजे आमचे मालक, म्हणाले, "एक नंबर कल्पना!" त्यांना प्रत्येक कल्पना एक नंबर वाटते. मग नेहमीचं वाक्य — "असं जडकाम अख्ख्या महाराष्ट्रात आपल्याकडेच." त्यांनी अख्खा महाराष्ट्र पाहिलेला नाही. मीही नाही. पण मी तसं म्हणत फिरत नाही.

५ मे, रविवार

घरी यावलला. प्रेमराजने काढून दिलेलं चित्र आबांना दाखवलं. आबा वीस वर्षं दुसऱ्यांच्या बागांत घड कापतात. लांब धरून बघितलं, मग जवळ धरून बघितलं.

"हा उलटा आहे."

"कसा?"

"घड खाली लोंबतो, पण केळं वर बघतं. यानं सगळी खाली बघायला लावली. यानं झाडावर कधी पाहिलं नाही का?"

नसेल पाहिलं. ट्रकमध्ये पाहिलं असेल. बाप केळीवर बंगला बांधतो आणि पोराला केळं कुठं बघतं ते ठाऊक नाही.

आबा शाळेत गेले नाहीत, आईही नाही. घरात लिहिणारी मी पहिली. म्हणून ही वही खाटेवर उघडी टाकली तरी चालते. आई तिच्यावर ताट ठेवते.

६ मे

प्रेमराजला फोन करून घडाचं सांगितलं. "जाऊ द्या हो मॅडम, केळी आहे एवढं ओळखू आलं म्हणजे झालं." मी तरी सरळ काढला. तेरा केळी, तेराही वर बघणारी. माझ्या हातून चुकीचं चित्र जाणार नाही. त्याला फरक पडत नसेल, मला पडतो.

८ मे

आजचा अर्धा दिवस 'केसभर'वर गेला.

आमच्याकडे लाकडातली खाच छगन नाना कोरतात. त्या खाचेत बसणारा शिंपल्याचा तुकडा मी कापते. नाना धुळ्याचे. पूर्वी देव्हाऱ्यांच्या दारांवर शिंपल्याची वेल बसवायचे. आता देव्हारे प्लायवूडचे येतात, म्हणून नाना पूलच्या स्टिका करतात. शनिवारी धुळ्याला जातात, सोमवारी येतात. मी आयटीआयची ड्राफ्ट्समन. माझ्याकडे बारीक माप घ्यायचं व्हर्नियर आहे. नानांकडे अंगठा आहे.

"खाचना मापपेक्षा तुकडा केसभर कमी ठेव," ते म्हणतात. प्रत्येक वेळी. जणू मी बहिरी.

केसभर म्हणजे किती? कोणाचा केस? माझा, की त्यांच्या मिशीचा? विचारलं तर हसतात. "हातले समजस, पोरी." हाताला समजतं म्हणे. मग मी दोन वर्षं माप शिकले ती कशासाठी?

आणि ती केसभर फट पुढे बुजवायची — लाख आणि शिसमाचा भुसा, कोमट करून. म्हणजे आधी मुद्दाम चूक करायची, मग ती भरायची, आणि तिला पद्धत म्हणायचं. जवळून पाहिलं तर प्रत्येक तुकड्याभोवती काळसर रेघ दिसते. डोळ्यात काजळ घालून बसवल्यासारखी. नानांना ती दिसतच नाही. त्यांना वाटतं सुंदर झालं.

११ मे

पंचेचाळीस. पत्र्याखाली किती, ते कोणी मोजत नाही.

मी कूलर लावला. नानांनी बंद केला. मी लावला. त्यांनी बंद केला.

"लाकूड पानी पेस, बेटा."

लाकूड पाणी पितं! मेलेलं लाकूड! डोक्यावर ओला पंचा टाकून स्वतः बसतात, पण लाकडाला हवा लागता कामा नये. माणूस आडवा झाला तरी चालेल, शिसमाला सर्दी होता कामा नये.

भाऊ ऑफिसात एसीत. मधूनच डोकावून, "काय, लढाई चालू का?"

१४ मे

नाना तीन दिवस सुट्टीवर. धुळ्याला नातवाचं जाऊळ आहे. घडाच्या तेराही खाचा कोरून गेले. जाताना दारातून — "केसभर ध्यानमा ठेवजो!"

ठेवते.

कूलर टाकी भरून लावला. टेबल त्याच्यासमोर ओढलं. बटही माझ्याजवळच. पहिल्यांदा या कारखान्यात माणसासारखं काम केलं.

१५ मे

सगळं लिहून ठेवते, नंतर मलाच शंका नको.

तेरा खाचा मोजल्या. दोनदा. तेवढ्याच मापाचे तेरा तुकडे कापले. केसबीस काही नाही. कानस फिरवून एकेक बसवून पाहिला — दाबला की टक् आवाज येतो आणि तुकडा बसतो. फट नाही! रेघ नाही! नख फिरवलं तर अडत नाही. असं काम नानांच्या हातून एकदाही झालेलं नाही. हे मी रागाने लिहीत नाही, पाहून लिहिते.

नानांना विचारायला हवं होतं का? ते नव्हते. फोन करता आला असता. जाऊळ चालू असताना कशाला फोन? काम पाहिल्यावर सांगेन. कळेलच त्यांना.

(फोन न करण्याचं खरं कारण हे नाही. "नको" म्हणाले असते.)

१७ मे

नाना आले. पेढे दिले. तुकडे चिकटवले, पॉलिश केलं. शेवटी घडावरून हात फिरवला. एका जागी थांबला. परत फिरवला.

"मोजं ना तू?"

"दोनदा मोजलं नाना."

"मग बेस शे." मग ठीक आहे, म्हणाले.

झालं. एवढंच! भोवती रेघ नाही, लाख लागली नाही, विचारलंसुद्धा नाही. तीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हा. मग मीही सांगितलं नाही. विचारलं नाही तर का सांगू?

संध्याकाळी भाऊंनी सर्टिफिकेट छापलं. प्रत्येक स्टिकबरोबर एक देतात, सोनेरी बॉर्डरचं, लग्नपत्रिकेसारखं. मजकूर मी लिहिला होता — 'जडकामात कोठेही फट नाही'. खाली भाऊंनी स्वतःचं घातलं — 'उस्ताद छगनजी यांच्या हस्ते'.

उस्ताद! छगनजी! नाना ते वाचायला चष्मा शोधत राहिले, मग मलाच वाचायला लावलं आणि लाजले. माझे तेरा तुकडे उस्तादांच्या नावावर. माझं नाव कुठं? मी आहे 'मॅडम'. फोन घेणारी.

२० मे

प्रेमराज स्टिक घेऊन गेला. दहा फोटो काढले, त्यातल्या आठांत स्टिकपेक्षा तोच जास्त. मग मखमली पिशवीसकट गाडीच्या डिकीत फेकली. दुपारी दोनचं ऊन.

केळी वर बघतात हे त्याच्या लक्षात आलेलं नाही.

२७ मे

आज काय काय झालं ते क्रमाने लिहिते.

सकाळी भाऊ स्टिक घेऊन आले. चेहरा लाल. शनिवारी धुळ्याला टूर्नामेंट होती. प्रेमराजने पहिल्याच डावात स्टिक मारली आणि एक केळं उडून टेबलावरच्या हिरव्या कापडावर पडलं. मग दुसरं. बाकीची काठाने वर उचललेली. दोन केळ्यांच्या मधलं शिसम तडकलं. समोरचा खेळणारा म्हणे ओरडला — "अरे प्रेमराज, घड पिकला रे! टोपली आणा!" हॉल हसला. कोणीतरी खरंच खाली वाकून, "डझनाचा भाव काय?" प्रेमराज डाव सोडून निघून गेला.

मला हसू आलं. खरं ते लिहिते. मी मोठ्याने हसले.

मग भाऊ नानांकडे वळले. "नाना, हात गळाले का तुमचे? धुळ्यात माझं नाव धुळीला मिळालं!" भाऊंना रागातही कोटी सुचते.

नानांनी बट हातात घेतली. उचललेल्या केळ्यांवरून अंगठा फिरवला, हळू, तेराही जागांवरून. मला वाटलं, आता म्हणतील — तुकडे मोठे कापलेत. पाहतील माझ्याकडे. मी तयार होते.

"मनीच खाच चुकनी व्हई, भाऊ," ते म्हणाले. माझीच खाच चुकली असेल, असं.

भाऊ म्हणाले, उद्यापासून येऊ नका. नानांनी पटाशा पंच्यात गुंडाळल्या, पिशवीत टाकल्या. जाताना मला म्हणाले, "कूलर लावजो आते. बठ्ठा उन्हाळा तरास काढा तू." आता लाव म्हणाले, सगळा उन्हाळा त्रास काढलास म्हणाले. टोमणा नव्हता. नानांना टोमणा मारता येत नाही.

चारच्या गाडीने गेले.

आणि मी काय केलं? मी व्हर्नियर पुसून डबीत ठेवलं.

२८ मे

खाच चुकली नव्हती. मी मोजली होती ती खाच. दोनदा.

मग काय चुकलं?

शिसमाचे दोन उरलेले तुकडे घेतले. दोन्हींत एकेक खाच कोरली. माझ्या हातून कसली खाच होते, ते लिहीत नाही. दिवसभर तुकडे कूलरसमोर ठेवले. एकीत शिंपला अगदी मापाचा बसवला. दुसरीत केसभर कमी, आणि भोवती लाख. केस कोणाचा, तर माझाच. एक उपटला आणि व्हर्नियरमध्ये धरला.

दोन्ही पत्र्यावर उन्हात ठेवले.

३० मे

दुसरा तुकडा जसाच्या तसा.

पहिल्यातला शिंपला काठाने उचलला आहे. नख खाली जातं. कूलरच्या दमट हवेत लाकूड फुगलं होतं. फुगलेल्या खाचेचं मी माप घेतलं आणि बरोब्बर तेवढा शिंपला ठोकून बसवला. उन्हात लाकूड आकसलं. शिंपला आकसत नाही. त्याला जायला जागा हवी होती — केसभर.

लाकूड पाणी पितं.

३० मे, जेवण झाल्यावर

भाऊंनी क्लबवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं. मला दाखवलं, कौतुकाने. 'धुळ्याच्या स्टिकमधील दोष हा कारागीर छगन मिस्त्री यांचा असून त्यांना काढण्यात आले आहे. कृपया नोंद घ्यावी.' जळगाव, भुसावळ, धुळे, सगळे क्लब आहेत त्यात. आता नानांना कोणी स्टिकच्या टोकाची टिप बदलायलासुद्धा बोलावणार नाही. खाली सगळ्यांनी अंगठे दिले आहेत. वाचलं असेल का एकाने तरी?

"आता तूच आपली मिस्त्री," भाऊ म्हणाले. "पुढच्या सर्टिफिकेटवर तुझं नाव टाकू. उस्ताद दीपमाला! लेडीज कारागीर — एक नंबर चालेल!"

मी काहीच बोलले नाही. घास गिळत होते हे कारण. ते कारणही खोटं आहे, डबा बंद होता.

३१ मे

सांगितलं नाही.

दिवसभर भाऊंना हसले मनातल्या मनात — शिंपला कुठल्या बाजूने चमकतो तेही कळत नाही यांना. प्रेमराजला हसले. ग्रुपमधल्या अंगठ्यांना हसले. संध्याकाळी लक्षात आलं, आज हसायला फार माणसं शोधली मी.

१ जून

सांगितलं.

भाऊ चहा पीत होते. उन्हात ठेवलेले दोन्ही तुकडे पुढे ठेवले. कूलर, माप, तेरा केळी, सगळं क्रमाने. नानांनी केसभर सोडायला सांगितलं होतं, मी सोडलं नाही, हेही.

भाऊंनी तुकडे उलटे करून पाहिले. उलटी बाजू! तिथं काही नव्हतंच.

"बरं झालं मला सांगितलंस. आता दुसऱ्या कोणाला सांगू नको."

"नानांना परत बोलवा भाऊ. ग्रुपवर खरं टाका."

"काय टाकू? कालच सांगितलं कारागीर चुकला. आज सांगू पोरगी चुकली? परवा सांगू कूलर चुकला? धंद्यात एकदाच काय ते सांगायचं असतं."

"पण ते खरं नाही."

"दीपा, नानांचं वय झालंच होतं. खाचा कोरायची मशीन घ्यायचीच होती. तू कशाला जिवाला लावून घेते?" आणि चहा पुढे केला. दयाळू माणूस!

मग मी स्वतःच प्रेमराजला लांब मेसेज लिहिला. चूक माझी, छगन नानांची नाही. ड्राफ्ट चार वेळा तपासला. अर्ध्या मिनिटात उत्तर — 'ओके मॅडम. नवीन स्टिकवर वाघ घेऊ. केळी नको.'

एवढंच! एका माणसाचं नाव गेलं, ते परत द्यायला निघाले, तर घेणारच कोणी नाही. सगळ्यांना वाघ पाहिजे.

सर्टिफिकेटवर माझं नाव घालू नका, घातलं तर मी काम सोडेन, असं भाऊंना सांगून निघाले. "रागावली वाटतं," ते लेथवाल्याला म्हणत होते.

२ जून, रविवार

यावलला न जाता धुळ्याला गेले. बसमध्ये पारोळ्यापर्यंत उभी. नानांचा फोन आठवडाभर बंद आहे. रस्ताभर वाक्य जुळवत होते. 'नाना, माझी चूक झाली' एवढंच वाक्य आहे, जुळवण्यासारखं त्यात काय?

देवपुरात घर विचारत गेले. नाना नव्हते. शिरपूरला लेकीकडे गेलेत. त्यांच्या पत्नी, लताबाई, ओट्यावर डाळ निवडत होत्या. नाव सांगितलं तशा ताट बाजूला सारून उठल्या.

"तूच ती मोजनारी शे का? ये, बठ! तुनंच कौतुक चालू ऱ्हास घरमा. बठ्ठा गल्लीले सांगतस — आमनी पोरगी केसनं बी माप काढस!"

गल्लीभर माझं कौतुक. आणि मी या वहीत त्यांच्याबद्दल काय काय लिहिलंय.

पाणी घेतलं नाही. आधी सांगितलं. लताबाईंनी ऐकलं, मग ताट परत पुढे ओढलं. बराच वेळ खडे काढत राहिल्या. एकदा एक खडा काढला आणि तो डाळीचा दाणा निघाला. तो परत टाकला.

"क्लबवाला एक बी बलावत नही आते," एवढंच म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "मी नही सांगाव त्यास्ले. तूच सांग. फोन चालू कराले लावसु." नानांना त्या सांगणार नव्हत्या; सांगायचं मीच, त्या फक्त फोन चालू करायला लावतील.

कळण्याची भाकरी आणि चटणी वाढली. खाल्ली. नको म्हणायचं तोंड नव्हतं.

३ जून

फोन नाही.

४ जून

नानांचा फोन आला. मी सगळं एका दमात सांगितलं. मग मी विचारू नये ते विचारलं — "नाना, तुकडे घट्ट होते, तुमच्या हाताला कळलं कसं नाही?"

"लागनं व्हतं ना बेटा हातले. तवयच लागनं व्हतं." तेव्हाच हाताला लागलं होतं, म्हणाले. "पन डोळाले दोन वरीस व्हयनात, बारीक काहीच दिखत नही. म्हनलं, पोरीनी दोनदा मोजेल शे. मग मनाच हात खोटा व्हई."